एका ग्रीक क्रियापदापायी अडलेला नवा करार : कलकत्ता, १८३३

नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, ‘बाप्तिझो’ (‘बाप्तिस्मा’ हा शब्द याच्यावरूनच आला) या ग्रीक क्रियापदाचे बंगालीत काय करायचे, यावरून १८३०च्या दशकात कलकत्ता, लंडन आणि न्यूयॉर्क या तीन शहरांत मोठे रामायण घडले. एक जुनी संस्था दुखावली गेली, दोन नव्या संस्था जन्माला आल्या. या प्रकरणात पत्रे लिहिणारे, सह्या करणारे आणि ठराव मांडणारे पुष्कळ होते. त्यांतली जी नावे इतिहासात जागोजाग येतात तेवढीच इथे ठेवली आहेत. बाकीच्यांचा उल्लेख त्यांच्या भूमिकेवरून केला आहे.

पार्श्वभूमी

कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठी, सेरामपूर ही डेन्मार्कच्या ताब्यातली छोटी वसाहत होती. (आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपुराशी तिचा संबंध नाही.) ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तिघे १८०० साली तिथे एकत्र आले. मराठी वाचकाला केरी परके नाहीत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५चे, मराठी कोश १८१०चा.

तिघेही बाप्टिस्ट पंथाचे. या पंथाचे म्हणणे असे, की बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी, माणसाने जाणत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेने घ्यायचा आणि तो सबंध अंग पाण्याखाली घालूनच. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळी तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देत आणि डोक्यावर पाणी ओतले किंवा शिंपडले तरी त्यांना चालत असे.

२८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा हुगळीच्या पात्रात झाला. त्याचा निखळलेला हात मिशनच्या डॉक्टरांनी बसवला होता, ओळख तिथून वाढली. त्याच दिवशी केरींचा मुलगा फेलिक्सही पाण्यात उतरला. काठावर गर्दी जमली होती. केरींनी त्या लोकांना मुद्दाम सांगितले की आम्ही या नदीला पवित्र मानत नाही, हे नुसते पाणी आहे. असे सांगावे लागले, यातच पुढच्या भांडणाचा एक धागा आहे. बंगालमध्ये नदीतल्या बुडीला आधीच एक अर्थ चिकटलेला होता आणि तो ग्रीक कोशात नव्हता.

पुढच्याच वर्षी, १८०१मध्ये, सेरामपूरचा बंगाली नवा करार छापून झाला. त्यात ‘बाप्तिझो’साठी बुडवणे या अर्थाचे बंगाली क्रियापद घातले होते. भाषांतरकारांच्या लेखी यात वादाचे काही नव्हतेच; ग्रीक शब्दाचा जो अर्थ, तोच बंगालीत.

आता पैशाची बाजू. १८०४ साली लंडनमध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली. तिच्यात सगळ्या प्रोटेस्टंट पंथांचे लोक होते आणि ते एकत्र राहावेत म्हणून एक नियम होता: शास्त्र छापायचे ते टीप किंवा भाष्य न जोडता. तिचे पहिल्यापासूनचे एक चिटणीस जोसेफ ह्यूज स्वतः बाप्टिस्ट पाळक होते. सेरामपूरच्या भाषांतरांना या संस्थेकडून वर्षानुवर्षे मदत मिळाली. बुडवण्याचे क्रियापद असलेल्या भाषांतरांना मिळाली, हे इथे अधोरेखित करायला हवे.

अडचण कशी उभी राहिली

१८१५ साली विल्यम येट्स बंगालमध्ये आले. संस्कृतचा गाढा अभ्यास असलेला हा तरुण थोड्याच काळात सेरामपूरच्या वडीलधाऱ्यांपासून वेगळा होऊन कलकत्त्यात काम करू लागला. (सेरामपूर आणि मूळची इंग्लंडमधली बाप्टिस्ट मिशन संस्था यांचे तर १८२७ ते १८३७ अशी दहा वर्षे औपचारिक फाटलेलेच होते. ‘बाप्टिस्टांची बाजू’ असे आपण सोयीसाठी म्हणतो. ती बाजू आतून कधीच एकसंध नव्हती.) येट्स यांनी नव्या कराराचे बंगाली भाषांतर नव्याने केले. केरींची बंगाली पहिलटकराची होती, येट्स यांची सफाईदार. १८३३च्या सुमारास हे भाषांतर कलकत्त्याच्या बाप्टिस्ट मिशन छापखान्यातून बाहेर पडले. छापखाना सांभाळणारे डब्ल्यू. एच. पिअर्स हे येट्स यांचे सहकारी आणि मित्र.

खरी अडचण इथे सुरू झाली, आणि गंमत म्हणजे ती भाषांतर चांगले असल्यामुळे झाली. वाईट असते तर इतर पंथांच्या मिशनऱ्यांनी ते बाजूला ठेवले असते. पण त्यांनाही आपल्या शाळांत आणि मंडळ्यांत हेच वापरायचे होते. फक्त त्या एका क्रियापदाशी त्यांचे जमेना. ज्या पाळकाने रविवारी बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडले, त्याने सोमवारी वर्गात ‘बुडवा’ असे वाचून कसे दाखवायचे?

कलकत्त्यातल्या काही बिगर-बाप्टिस्ट पाळकांनी १८२७च्या सुमारासच लंडनला कळवले होते, की असा शब्द असलेल्या भाषांतरांना सर्व पंथांच्या पैशातून मदत देऊ नये. जुलै १८३३मध्ये सोसायटीच्या समितीने ठराव केला. आशय असा: बंगाली नव्या कराराला आम्ही आनंदाने मदत करू, अट एवढीच, की बाप्तिस्म्याविषयीचे ग्रीक शब्द एकतर अधिकृत (१६११च्या) इंग्रजी भाषांतराच्या रीतीने मूळ शब्दावरूनच घ्यावेत, किंवा संस्थेतल्या इतर पंथांना आक्षेप नसेल असा शब्द वापरावा.

क्रियापद खरोखर काय म्हणते

दोन्ही बाजूंनी कोश उघडले, म्हणून आपणही उघडू.

‘बाप्तिझो’ हे ‘बाप्तो’वरून निघाले. ‘बाप्तो’ म्हणजे बुडवणे, रंगात बुचकळणे. ‘बाप्तिझो’ त्याहून जोरकस. बायबलबाहेरच्या ग्रीकमध्ये बुडणाऱ्या जहाजांसाठी ते येते. यरीहोच्या राजवाड्यातल्या तलावात हेरोदाच्या माणसांनी तरुण महायाजक अरिस्तबुलास याला पाण्याखाली दाबून मारले, ते सांगताना इतिहासकार जोसेफसने हेच क्रियापद वापरले आहे. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये अरिस्तोफनीस म्हणतो की काल जे पार बुडाले होते त्यांतला मीही एक, बुडाले होते ते दारूत. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो (२ राजे ५:१४), तिथेही हेच. इथपर्यंत बाप्टिस्टांचा पक्ष भक्कम आहे, आणि माझ्या मते कोशाच्या न्यायालयात तेच जिंकतात.

पण नव्या करारात हे क्रियापद एका जागी बसून राहत नाही. लूक ११:३८मध्ये एका परूश्याला (कर्मठ यहुदी पंथाच्या माणसाला) आश्चर्य वाटते की येशूने जेवणाआधी ‘बाप्तिझो’ केले नाही. परूशी दर जेवणाआधी सबंध अंग पाण्यात बुडवत होते असे मानायचे, की ही हात धुण्याची शुद्धी? मार्क ७:४मध्ये बाजारातून आल्यावर करायच्या शुद्धीसाठी पुन्हा तेच. व्हॅटिकन आणि सिनाई ही चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखिते त्या ओळीत चक्क ‘शिंपडणे’ या अर्थाचे दुसरे क्रियापद देतात. एखाद्या जुन्या नकलनविसालाही तिथे अडखळायला झाले असावे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:२) इस्राएली लोकांचा ‘मेघात आणि समुद्रात’ बाप्तिस्मा होतो, आणि कथेप्रमाणे ते कोरड्या वाटेने गेलेले असतात. मार्क १०:३८मध्ये येशू आपल्यावर येणाऱ्या यातनांनाच ‘बाप्तिस्मा’ म्हणतो. इथे बुडून जाण्याची जुनी प्रतिमा जिवंत आहे, पण पाण्याचा थेंबही नाही. आणि रोमकरांस सहाव्या अध्यायात पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे म्हणतो, जे पाण्याखाली जाण्याशी चपखल जुळते.

एकूण काय, तर हे क्रियापद साध्या बोलण्यातून उचललेले होते आणि नवा करार लिहिला जात असतानाच त्याचे एका विधीचे नाव होत होते. बुडवण्याचे चित्र त्यातून पुसले गेले नव्हते, पण दर वेळी तेच समोर येई असेही नाही. बाप्टिस्ट शब्दाचे मूळ सांगत राहिले, विरोधक त्याचा वापर दाखवत राहिले, आणि दोघांनाही समोरचा मुद्दाम डोळेझाक करतो आहे असे वाटत राहिले.

एक पुरावा दोघांच्याही हाती नव्हता. ‘डिडाखे’ ही ख्रिस्ती मंडळीची अगदी सुरुवातीच्या काळातली नियमपुस्तिका १८७३मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि १८८३मध्ये छापली गेली. तिच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे: बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात करा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. ठरावाच्या पन्नास वर्षांनी आलेला हा मजकूर वाचताना वाटते की त्या जुन्या मंडळीला या प्रश्नाचा एवढा ताप नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला: ‘बुडवणे’ ठेवायचे आणि सोसायटीचा पैसा सोडायचा.

दुसरा: ग्रीक शब्दच बंगाली अक्षरांत लिहायचा. सोसायटीला हेच हवे होते, कारण अधिकृत इंग्रजी भाषांतराने तसे केले होते. यावर बाप्टिस्टांचे उत्तर बिनतोड होते: इंग्रज वाचकाला तो शब्द शेकडो वर्षांच्या वापराने कळतो, बंगाली वाचकासाठी तो अर्थ नसलेला आवाज आहे. मग त्याने अर्थ कुणाला विचारायचा? जवळच्या मिशनऱ्याला. म्हणजे शास्त्राचा अर्थ पुन्हा पाळकाच्याच हाती गेला. शिवाय डच आणि डॅनिश बायबलांत बुडवण्याशी नाते सांगणारीच क्रियापदे आहेत. ती चालतात, मग बंगाली का नाही?

इथे इंग्रजी भाषांतराच्या ‘रीती’बद्दल थोडे थांबायला हवे, कारण ठराव तिच्यावर उभा आहे. १६११च्या भाषांतरकारांनी ‘बाप्तिझो’ सगळीकडे जसेच्या तसे ठेवले नव्हते. मार्क ७:४ आणि लूक ११:३८मध्ये त्यांनी सरळ ‘धुणे’ असे लिहिले. आणि प्रस्तावनेत त्यांनीच सांगितले आहे की प्युरिटन (इंग्लंडमधले कडवे धर्मसुधारक) लोक ‘बाप्तिस्मा’ऐवजी ‘धुणे’ आणि ‘चर्च’ऐवजी ‘मंडळी’ लिहितात, ते आम्ही टाळले. म्हणजे शब्द न बदलणे हासुद्धा त्यांचा पक्ष होता, ठरवून घेतलेला. लंडनच्या समितीने तो तटस्थपणाचा नमुना म्हणून पुढे केला.

तिसरा पर्याय ठरावातच होता: कुणालाच न खुपणारा शब्द. आणि चौथा, कुणी फारसा न बोललेला: मजकुरात एक शब्द, समासात दुसरा. पण टीप न जोडण्याच्या नियमामुळे तो आधीच अवघड होऊन बसला होता. सगळ्या पंथांनी भांडू नये म्हणून केलेला नियम, आणि भांडण मिटवायची सर्वांत स्वस्त वाट त्यानेच अडवली.

काय केले गेले

येट्स आणि पिअर्स यांनी पहिला पर्याय धरला. इंग्लंडमधल्या बाप्टिस्ट पाळकांनी सोसायटीकडे लेखी निषेध नोंदवला. उपयोग झाला नाही. जोसेफ ह्यूज ठरावानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १८३३मध्ये वारले. दोन्हीकडे ज्यांचा शब्द ऐकला गेला असता असा एक माणूस नेमका त्या वेळी गेला.

मग पिअर्स यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन बायबल सोसायटीला विचारले: तुम्ही मदत कराल का? प्रश्न साधा होता, पण त्याने तिथे झाकलेले उघडे पडले. या संस्थेने अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी ॲडोनिरम जडसन यांच्या बर्मी भाषांतराला आधीच पैसे दिले होते आणि जडसन यांनीही बुडवण्याचेच क्रियापद घातले होते. फेब्रुवारी १८३६मध्ये तिथेही लंडनसारखाच ठराव झाला: सर्व पंथांना वापरता येईल अशाच भाषांतरांना मदत. बर्मी कामासाठी पाच हजार डॉलर देऊ केले होते, ते या अटीसह बाप्टिस्टांनी नाकारले.

जडसन यांचा विषय निघालाच आहे तर मुंबईकडे एक नजर टाकू. फेब्रुवारी १८१२मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी पाच तरुणांना एकाच दिवशी मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. पाचही काँग्रिगेशनल, म्हणजे बाळांना बाप्तिस्मा देणारे. भारतात पोहोचल्यावर केरी यांच्यासारख्या बाप्टिस्टांशी गाठ पडणार, म्हणून जडसन यांनी जहाजावर या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला आणि अभ्यासाअंती स्वतःच बाप्टिस्ट झाले. सप्टेंबर १८१२मध्ये कलकत्त्यात वॉर्ड यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. ते पुढे बर्माला गेले. त्या पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. बर्मी बाप्टिस्ट माणूस आजही या विधीला बुडवणे या अर्थाचाच शब्द वापरतो. मराठी पवित्र शास्त्रात ‘बाप्तिस्मा’ आहे.

परिणाम

अमेरिकेतल्या बाप्टिस्टांनी १८३६-३७मध्ये अमेरिकन अँड फॉरेन बायबल सोसायटी काढली. लंडनमध्ये मार्च १८४०मध्ये बायबल ट्रान्सलेशन सोसायटी उभी राहिली. येट्स यांचे काम थांबले नाही. सबंध बंगाली बायबल पुरे करून ते १८४५ साली मायदेशी निघाले आणि वाटेत जहाजावरच वारले.

अमेरिकेत हा धागा आणखी लांबला. बंगालीत आणि बर्मीत ‘बुडवणे’ चालते तर इंग्रजीत का नको, असा प्रश्न नव्या संस्थेतच निघाला, त्यावरून १८५०मध्ये ती फुटली आणि फुटून निघालेल्यांनी पुढे खरोखरच ‘बुडवणे’ असा शब्द असलेला इंग्रजी नवा करार छापला. इंग्रजी वाचणाऱ्यांनी तो फारसा जवळ केला नाही. तत्त्व शेवटपर्यंत नेले की ते कुठे जाऊन थांबते, याचे हे जरा विनोदी उदाहरण.

कलकत्त्यात मात्र व्यवहार जिंकला. सोसायटीच्या तिथल्या शाखेने येट्स यांचेच भाषांतर, तेवढे शब्द बदलून, आपल्या वापरासाठी घेतले. आज प्रचलित असलेल्या जुन्या बंगाली बायबलात ‘बाप्ताइज’ असे रूप दिसते, म्हणजे बाजी लंडनच्या बाजूने लागली.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू १८३३चा नाही, त्याच्या खूप आधीचा आहे. सोसायटीने सेरामपूरला पहिली रक्कम दिली तेव्हाच या शब्दाबद्दल विचारायला हवे होते. वर्षानुवर्षे मदत देऊन मग अट घातली, की ती अट शिक्षेसारखी वाटते. आणि बाप्टिस्टांना ती तशीच वाटली. उलट बाप्टिस्टांनीही सर्वांच्या पैशातून छापलेल्या पुस्तकात आपल्या पंथाचा वादग्रस्त शब्द आहे, हे स्वतःहून ठळकपणे मांडल्याचे दिसत नाही. यात लबाडी होती असे मला वाटत नाही. त्यांना तो वादग्रस्त वाटतच नव्हता, आणि पाणी मुरत होते ते तिथेच.

दुसरे म्हणजे दोन आवृत्त्या. अखेरीस घडले ते हेच: एक भाषांतर, शब्द दोन प्रकारचे. ठरावाच्या आधी कलकत्त्यातल्या दोन्ही बाजू एका टेबलाशी बसून यावर आल्या असत्या, तर छापखान्याला काही पाने नव्याने जुळवावी लागली असती, एवढेच. पण निर्णय लंडनमध्ये व्हायचा आणि पत्राला पोहोचायला महिने लागायचे. तोवर दोन्हीकडे मते दगडावर कोरली जात.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ठरावात ‘इतर पंथांना आक्षेप नसेल असा शब्द’ ही वाट उघडी ठेवली होती, पण तिच्यावरून कुणी मनापासून चालल्याचे दिसत नाही. साधने तर हाताशी होती. कलकत्त्याच्याच बिशप्स कॉलेजचे प्राचार्य डब्ल्यू. एच. मिल यांनी भारतीय भाषांतल्या भाषांतरांसाठी संस्कृत पारिभाषिक शब्दांचा प्रस्ताव १८२८मध्ये छापला होता. येट्स स्वतः संस्कृतज्ञ. ‘स्नान’ घेतले असते तर घाटावरची गंगा पुन्हा आत शिरली असती, पण बुडण्या-ओतण्याचा वाद उरला नसता; वसईचे मराठी कॅथलिक आज निःसंकोच ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. ‘दीक्षा’ घेतली असती तर पाणीच सुटले असते, पण पंथात प्रवेश हा भाग वाचकाला न विचारता कळला असता. ‘अभिषेक’ शिंपडणाऱ्यांना आवडला असता आणि बाप्टिस्टांना अजिबात नाही.

यांपैकी कोणता शब्द चालेल हे सांगू शकणारे लोक, म्हणजे भाषांतराला बसणारे पंडित आणि कृष्ण पालनंतर ख्रिस्ती झालेली बंगाली कुटुंबे, ठरावांत कुठेच बोलताना आढळत नाहीत. आक्षेप मोजले गेले ते पंथांचे. बांगलादेशात मुसलमानी बंगालीत केलेल्या अलीकडच्या भाषांतरात ‘बाप्तिझो’साठी ‘तरिकाबंदी’ असा शब्द घेतला आहे. सूफी तरिक्यात (साधनामार्गात) दाखल होणे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याच्या बोलण्यातून तो आला. त्यात बुडवणेही नाही आणि शिंपडणेही नाही.